२००९ ची सफारी डायकॉर फोर बाय फोर: टायर एटी घेऊ की एचटी, आणि साइज वाढवू का?

कारेलीबाग_सफारी

नमस्कार मंडळी. घरात २००९ ची सफारी डायकॉर आहे, २.२ वाली, फोर बाय फोर. बाबांनी नवी घेतली होती, आता ते लांबचं चालवत नाहीत म्हणून गाडी माझ्याकडे आलीये. १५ वर्षं झाल्यावर इथे बडोद्यात दरजीपुऱ्याच्या आरटीओत जाऊन रजिस्ट्रेशन रिन्यू करून घेतलं, पाच वर्षं वाढली आहेत, त्यामुळे "विकून टाका" हा सल्ला कृपया देऊ नका, तो विषय घरात कोणी काढत नाही आणि मलाही काढायचा नाही.

सध्या टायर २३५/७० आर १६, कंपनीच्याच साइजचे, साधे एचटी (हायवे टेरेन, डांबरी रस्त्याचे). खाचा बऱ्यापैकी शिल्लक आहेत पण साइडवॉलवर बारीक बारीक चिरा दिसायला लागल्यात, आणि पुढच्या डाव्या टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त घासलीये. बाबांचं म्हणणं खाच आहे तोवर टायर आहे. पण गेल्या पावसाळ्यात हायवेला जरा जोरात ब्रेक लावला तर गाडी पकड सोडून पुढे सरकली, तेव्हापासून मी मुलांना घेऊन लांब जायचं टाळतेय.

वापर सांगते. आठवडाभर गावातच. महिन्यातून एकदोनदा मामांच्या शेतावर, बोडेली सोडून जेतपूर पावीच्या पुढे, शेवटचा पट्टा कच्चा आणि पावसाळ्यात मध्ये एक ओढा लागतो. दिवाळीत आणि मे महिन्यात कोल्हापूर, पूर्ण घर भरून आणि वर सामान.

टायरवाला म्हणतो २४५/७५ एटी (ऑल टेरेन, डांबर आणि कच्चा दोन्हींसाठी) टाका, गाडी एकदम भरलेली दिसेल. आणि गॅरेजवाला म्हणतो पुढचे टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी असलेले पिळाचे दांडे) घट्ट करून दोन इंच उचलून देतो म्हणजे मोठा टायर घासणार नाही. दोघंही खर्च काही फार सांगत नाहीयेत. करू का?

अजून एक, २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात सोसायटीत पाणी आलं होतं तेव्हा गाडी चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यात उभी होती. सीटपर्यंत पाणी आलं नाही, चालूही केली नव्हती. नंतर इंजिन ऑइल बदललं, धुतली, सुरू झाली, म्हणून आम्ही निश्चिंत. हल्ली साठच्या पुढे डावीकडून घूंऽऽ असा आवाज येतो, तो मी टायरचाच समजतेय.

पावागढ_रोड

ताई, टायरवाल्याकडे जाऊ नका अजून. आधी गाडी लिफ्टवर चढवा. तुम्ही जे लिहिलंय त्यात टायरचा प्रश्न अर्धाच आहे, आतली कड घासणं आणि घूं आवाज हे दोन्ही टायरच्या मागचे आजार आहेत, नवे टायर टाकलेत तर तेही वर्षभरात तसेच खाल्ले जातील.

घरीच एक काम करा. टायर गार असताना तळहात ट्रेडवरून आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवताना प्रत्येक ब्लॉकची कड बोटांना टोचत असेल तर टो (चाकांची सरळ दिशा) बिघडलाय. टोचत नसेल, पण सगळी आतली कडच सपाट झाली असेल तर कॅम्बर (चाकाचा आतबाहेर कल), म्हणजे बहुतेक आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश किंवा बॉल जॉइंट गेलेत. आणि ट्रेडवर मध्ये मध्ये खड्डे लागत असतील तर शॉकअप संपलेत. मधोमध घासला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी. टायर वाचता आला की मिस्त्री आपल्याला फिरवू शकत नाही.

मग चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावल्याशिवाय हात घालायचा नाही. वर आणि खाली धरून हलवा, खटखट आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावीउजवीकडे धरून हलवताना आली तर टाय रॉडचं एंड. चाक हाताने फिरवून दुसरा हात स्प्रिंगवर किंवा नकलवर, म्हणजे हब ज्यावर बसतो त्या भागावर, ठेवा (तुमच्या गाडीत पुढे स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे, म्हणून नकल), बेअरिंग खरबरलं असेल तर ती थरथर हाताला कळते. चालवताना ओळखायचं तर मोकळ्या रस्त्यावर साठने जाताना स्टिअरिंग हलकंसं उजवीकडे घ्या, डाव्या चाकावर वजन येतं, आवाज वाढला तर डावं बेअरिंग. टायरचा आवाज असा बदलत नाही.

आता पुराचं. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट आणि त्या वेळी ती ३५ च्या वर गेली होती, आपल्याकडे लोकांनी वरचं सगळं बघितलं, सीट वायरिंग इंजिन, खालचं कोणी बघितलं नाही. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी म्हणजे हब बुडालं, पुढचा मागचा डिफरेन्शियल (अॅक्सलवरचा, डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणारा गिअरचा डबा) बुडाला. गाडी उभी होती म्हणून वाचली असं समजू नका, तासन्‌तास उभ्या पाण्यात जुनी ऑइल सील असेल तर पाणी हळूहळू आत जातं. दोन्ही डिफरेन्शियल आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारा डबा) ड्रेन बोल्ट उघडून बघा. तेल दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी आहे आत, आणि ते क्राउन पिनियनची (डिफरेन्शियलमधल्या मुख्य गिअरची) बेअरिंगं गंजवत बसलंय. ऑइल महाग नाही, क्राउन पिनियन महाग आहे, आणि आता सहज मिळतही नाही.

साइज: २४५/७५ टाकू नका. हिशोब देतो. तुमच्या २३५/७० आर १६ चा व्यास साधारण ७३५ मिमी, २४५/७५ चा ७७४. म्हणजे ५ टक्क्यांनी मोठा. मीटर १०० दाखवेल तेव्हा तुम्ही १०५ ला असाल, गिअरिंग तेवढंच लांब होईल म्हणून क्लच आणि पिकअपवर ताण, ब्रेकला जास्त जड चाक थांबवायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमची स्टेपनी मागच्या दारावर लटकते. १५-१६ वर्षांच्या दाराच्या बिजागऱ्या आधीच थोड्या बसलेल्या असतात, त्यावर आणखी जड चाक टांगलं की दार लागताना उचलून लावावं लागतं. मोठा टायर हवाच असेल तर २४५/७० पर्यंत, तो २ टक्केसुद्धा वाढत नाही. पण मी म्हणतो तोही कशाला, कंपनीने दिलेली साइजच ठेवा.

काळीमाती_करजण

वरच्या भाऊंचं बाकी सगळं बराबर आहे पण एटी एचटीच्या वादात शेतवाल्यांचं कोणी ऐकत नाही म्हणून लिहितो. आमची जिप्सी आहे, करजणच्या पुढे शेत, कपाशीची काळी जमीन. पहिला पाऊस पडला की ती माती टायरच्या खाचेत अशी बसते की निघतच नाही, एटीच्या खाचा भरल्या की एटी आणि गुळगुळीत टायर यात फरक राहत नाही, फोर व्हील टाकून चारही चाकं फिरतात आणि गाडी जागेवर. तिथे फक्त एमटी (मड टेरेन, चिखलाचा टायर) चालतो कारण ब्लॉक लांब लांब असतात, चाक फिरलं की माती झटकली जाते. माझ्या जिप्सीला एमटीच आहेत आणि मी दुसरं काही टाकणार नाही.

पण ताई तुमचं शेत जेतपूर पावीकडे ना, तिकडे जमीन वेगळी. बोडेलीच्या पुढे मुरूम, वाळू आणि दगड, आमच्यासारखी चिकण माती सलग नाही. ओरसंग नदीच्या बाजूला तर वाळूच. वाळूत एमटी उलट खड्डा खणतो. आणि कोल्हापूरपर्यंत एमटीवर जायचं म्हणजे घरातले सगळे डोकं धरून बसतील, ओल्या डांबरावर पकडही कमी. तेव्हा तुम्हाला एमटी नको, हे एमटीवाला सांगतोय.

मांजलपूरकर

सौ. ताई (बाकी सगळे ताई म्हणतायत म्हणून मीही), माझी स्कॉर्पिओ होती, आता मुलगा वापरतो. मी एचटीच्या बाजूने बोलणार. तुमच्या गाडीची बहुतेक धाव डांबरावर आहे. महिन्यातले दोन दिवस कच्च्यावर आहात म्हणून उरलेले दिवस जास्त आवाज, जास्त डिझेल आणि पावसात थोडा लांब ब्रेक हे कशासाठी घ्यायचं? तुम्हाला भीती कशाची वाटली, हायवेवर गाडी सरकली त्याची. मग त्यावरचा इलाज ताजा रबर असलेला चांगला एचटी. तुमचा टायर घसरला तो डिझाइनमुळे नाही, रबर कडक झालंय म्हणून.

बाबांना एक दाखवा. टायरवर डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दोन बाजूंपैकी एकाच बाजूला पूर्ण असतात, बाहेर दिसले नाहीत तर आतून बघा. खाच किती उरली हे एक आणि रबर किती जुनं हे दुसरं. खाचेत आडव्या पट्ट्या असतात त्या १.६ मिमीला असतात, ट्रेड तिथे टेकला की टायर संपला, पण पट्टीला न टेकताही टायर संपतो. जुनी पिढी बायस टायर वापरून मोठी झाली, तेव्हा टायर घासूनच संपायचे, आता कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर वयाने संपतात. त्यांचं चुकतंय असं न सांगता चिरांवर नख फिरवून दाखवा, समजतील.

कारेलीबाग_सफारी

खूप आभार सगळ्यांचे. काकांनी सांगितलेला नंबर बघितला, ३४१७ आहे, म्हणजे २०१७ चा ऑगस्ट. आणि स्टेपनीवर त्याहून जुना. बाबांना चष्मा लावून दाखवला. बराच वेळ वाकून बघत होते, मग म्हणाले बदल.

तळहाताने बघितलं, डाव्या पुढच्याला आतल्या बाजूला टोचतंय आणि सपाटही आहे. स्टिअरिंग उजवीकडे घेतलं की आवाज वाढतो. उद्या लिफ्टवर चढवतेय. टॉर्शन बारवर मात्र कोणी बोललं नाही, गॅरेजवाला रोज विचारतोय. उंची वाढली तर ओढ्यात बरं पडेल असं मलाही वाटतं.

पावागढ_रोड

नको. टॉर्शन बार घट्ट केल्याने गाडी उचलली जाते पण सस्पेन्शन नवं मिळत नाही, आहे त्यातच खाली जायची जागा संपते. चाक खड्ड्यात उतरायला जागा राहत नाही, म्हणून प्रत्येक खड्ड्यात ठक्क. त्यात तुमच्या गाडीला पुढच्या चाकांना सीव्ही जॉइंटचे (वाकत वाकत फिरणाऱ्या सांध्यांचे) शाफ्ट आहेत, पुढून दोन इंच वर केलं की शाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट ताणून फाटतो, ग्रीस बाहेर आणि धूळ आत. बॉल जॉइंटही वाकड्या कोनात काम करतो. मागे कॉइल स्प्रिंग तशाच, म्हणजे नाक वर. आणि अलाइनमेंट त्यानंतर मशिनवर जुळलेली दाखवतील पण कॅम्बर त्या रेंजमध्ये बसवायला जागाच उरत नाही. १६ वर्षांत टॉर्शन बार थोडे बसले असतील तर कंपनीने दिलेल्या उंचीपर्यंत परत आणणं हे वेगळं काम, ते मोजून जरूर करून घ्या. दोन्ही बाजू सारख्या आहेत ना हेही बघा, बऱ्याचदा ड्रायव्हरची बाजू जास्त बसलेली असते.

ओढ्यासाठी उंचीपेक्षा ब्रीदर बघा. डिफरेन्शियलवर एक छोटी नळी असते, आतली गरम हवा बाहेर सोडायला. शेतापर्यंत येईतो डिफरेन्शियल तापलेला असतो, त्याच तापात थंड पाण्यात उतरलात की आतली हवा एकदम आकुंचन पावते आणि तो बाहेरून ओढून घेतो, ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढतो. नळी लांब करून इंजिन बेमध्ये वर नेऊन बांधायची, काम साधं आहे पण इतकं उपयोगी दुसरं काही नाही. ओढ्याच्या अलीकडे पाच मिनिटं थांबून मग उतरलात तरी फरक पडतो.

आणि फोर हाय (फोर व्हीलचा साधा, वेगातला मोड) महिन्यातून एकदा तरी कच्च्यावर टाकून थोडं चालवा, शिफ्ट मोटर न वापरता पडून राहिली की नेमकी गरजेला अडकते. डांबरावर मात्र नाही. या गाडीत मध्ये डिफरेन्शियल नाही, पुढचा आणि मागचा अॅक्सल एकाच वेगाने फिरवला जातो, वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, वाळूवर ते घसरून भागतं, डांबरावर सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये साठतो. म्हणूनच चारही टायर एकाच मेकचे, एकाच साइजचे, सारखे घासलेले हवेत. दोन आत्ता घेते दोन दिवाळीला, असं या गाडीत करू नका.

टायर_हलोल_रोड

मी टायरच्याच धंद्यात आहे, दुकानाचं नाव सांगत नाही, फक्त घेताना काय बघायचं ते लिहितो.

आपल्याकडे लोकांना वाटतं अपोलोचा कारखाना वाघोडियाजवळ लिमड्याला, सिएटचा हलोलला, म्हणजे बडोद्यात माल कायम ताजा. तसं काही नसतं, माल डेपोतून फिरून येतो आणि २३५/७० आर १६ ही आता रोज खपणारी साइज नाही, त्यामुळे दुकानात वर्ष-दीड वर्ष पडलेला निघू शकतो. फोनवर दर विचारताना कोड विचारा, बसवायच्या आधी पाचही टायरचा कोड स्वतः वाचा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम. परदेशी ब्रँडच्या मागे लागलात तर २०२० पासून टायर आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे मिळेल तो कोड घ्यावा लागतो.

लोड इंडेक्स बघा. तुमच्या टायरवर १०५ असेल, म्हणजे एका टायरला ९२५ किलो. सफारी मुळातच दोन टनाच्या आसपास, त्यात सात माणसं आणि कॅरिअरवर सामान, तेव्हा १०५ च्या खाली कोणी काही दिलं तर घेऊ नका. टायरवर साइजच्या आधी एलटी लिहिलेला असेल तर तो जास्त प्लायचा (थरांचा), दगडात छान, पण कडक असतो आणि तेवढंच वजन पेलायला हवा जास्त मागतो, रिकामी गाडी उड्या मारेल. तुम्हाला पॅसेंजर कन्स्ट्रक्शनमधला सौम्य एटी पुरे. अपोलोचा अप्टेरा एटी, सिएटचा क्रॉसड्राइव्ह एटी, योकोहामाचा जिओलँडर एटी या जातीतले, जो ताजा मिळेल तो. मांजलपूरकर साहेबांचा मुद्दा मी खोडत नाही, फक्त बोडेलीकडच्या धारदार दगडांवर एचटीचा साइडवॉल फार फुटतो, माझ्याकडे त्या पट्ट्यातून येणारे कट बहुतेक साइडलाच असतात, आणि साइडवॉलचा कट दुरुस्त होत नाही, कोणी प्लग मारून देतो म्हणाला तरी घेऊ नका.

टायरबरोबर व्हॉल्व्ह नवे. जुना रबरी व्हॉल्व्ह ठेवून नवे टायर बसवणारे खूप आहेत आणि मग लोक महिन्याने हवा उतरते म्हणून टायरला शिव्या देतात. रिमची कड पुरानंतर गंजली असेल तर घासून साफ करून मगच टायर चढवायला सांगा, तिथूनही हवा जाते.

फिरवाफिरव दर ८-१० हजार किलोमीटरला, पाचही टायरची. मागचे दोन सरळ पुढे, पुढचा उजवा मागे डावीकडे, पुढचा डावा दारावर, दारावरचा मागे उजवीकडे. म्हणजे स्टेपनी उन्हात नुसती सडत नाही आणि पाचही एकसारखे घासतात. दिशेचा बाण असलेला टायर घेऊ नका, मग हे करता येत नाही.

हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी गार टायरला. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतःचा गेज घ्या. ओरसंगच्या वाळूत उतरायचं असेल तर १८-२० पीएसआयपर्यंत खाली, आणि तेवढ्यावर जोरात वळवायचं नाही, टायर रिममधून निघतो. बॅटरीला लावायचा छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा, डांबराला लागलात की लगेच भरा, कमी हवेवर हायवेला साइडवॉल तापून फुटतो.

काळीमाती_करजण

कंप्रेसर लायटरच्या सॉकेटवाला नको, इतका मोठा टायर भरता भरता फ्यूज उडतो. बॅटरीला क्लिप लावायचा घ्या.

कारेलीबाग_सफारी

लिफ्टवर चढवली. डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय, खालचा बॉल जॉइंट सैल, लोअर आर्मचे बुश दोन्ही बाजूंचे फाटलेले. मागच्या डिफरेन्शियलचं तेल स्वच्छ निघालं पण पुढच्याचं अगदी तसंच निघालं जसं वर लिहिलंय, मिस्त्रीने बाटलीत काढून दाखवलं. पिनियन हाताने फिरवून बघितला, खरखर नाही, म्हणून फ्लश करून नवं ८०-९० गिअर ऑइल भरलं, हजार किलोमीटरने परत काढून बघायचंय. सील बदलले, ब्रीदरची नळी वर नेली. टॉर्शन बार घट्ट करून दोन इंच उचलू दिली नाही, फक्त उजवी बाजू थोडी बसली होती ती डावीच्या बरोबरीला आणली.

हे सगळं करून मग अलाइनमेंट, आणि टायर पाच, २३५/७० च, सौम्य एटी. सगळ्यांचा कोड दोन महिन्यांच्या आतला, एकाचा जुना निघाला तो दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिला.

मांजलपूरकर काका, तुमचं म्हणणं मी खरंच विचारात घेतलं होतं, पण मामांच्या वाटेवरचे दगड आठवले. एक शेवटचं विचारते, जुन्या पाचातला एक बरा दिसतोय तो मामा ट्रॉलीसाठी मागतायत, द्यावा का?

मांजलपूरकर

बैलगाडीला किंवा शेतातल्या शेतात फिरणाऱ्या ट्रॉलीला चालेल. ऊस-कपाशी भरून रोडवर येणाऱ्या ट्रॉलीला नको, माल भरल्यावर तो चिरेतूनच फुटेल. आणि नवे टायर पहिले दोनतीनशे किलोमीटर जरा सांभाळून चालवा, साच्यातून निघताना वर गुळगुळीत थर असतो तो घासून जाईपर्यंत पावसात ब्रेक जपून.

टायर_हलोल_रोड

आणि ताई, चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा टॉर्क रेंचने कसून घ्या, रिम घासून बसवलंय म्हणजे नक्की. दुकानात याच, त्याचे पैसे कोणी घेत नाही.